मुरंब्याची ओळ

“‘बोगद्यापलीकडचं घर. खोल्या थोड्या, चादरी उन्हात वाळवलेल्या. सूप मागवावं. सकाळचा संत्र्याच्या सालीचा मुरंबा चुकवू नये.’ बस्स, संपलं! आत्या, कसले लिहितात गं हे लोक! एक शब्द फुकट नाही.”

गाडी फाटकाशी थांबली होती, इंजिन बंद झालं होतं, तरी ढब्बूने पुस्तक मिटलं नव्हतं. ढब्बू म्हणजे आत्याचा भाचा. एरवी बँकेत नोकरी आणि सुट्टीत आत्याचा ड्रायव्हर. आत्या खासगी तपासाची कामं करायची. तिचं डोकं भरधाव चालायचं. ढब्बू गाडीसुद्धा बेतानेच चालवायचा.

“चमचा गाइड पाठ केलंस, पण फाटकाकडे पाहिलंस का?” आत्याने विचारलं.

फाटकाच्या खांबावर एक फिकट चौकोन होता आणि त्याच्या कोपऱ्यांत स्क्रूची भोकं. पाटी नव्हती.

चमचा गाइड हे मोटारीने फिरणाऱ्यांचं पुस्तक. त्याची माणसं गुपचूप येतात, जेवतात, पदरचे पैसे मोजून निघून जातात. जागा पसंत पडली तर पुस्तकात चार ओळी आणि फाटकावर चमच्याचं चित्र असलेली पितळी पाटी. “नाव चमचा, पण कुणाचाच चमचा नाही,” असं ढब्बू अभिमानाने सांगायचा. जणू ते त्याच्या आजोबांनीच काढलं होतं.

मालकीणबाई अ‍ॅप्रनला हात पुसत बाहेर आल्या आणि दोघांना थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

“पाटी मागच्या वर्षी चोरीला गेली. पोरांचा चाळा असेल म्हणून मी सोडून दिलं,” त्या म्हणाल्या. “पण परवा गाइडच्या संपादकबाईंचा फोन आला. वाचकांच्या तक्रारींचा ढीग पडलाय म्हणे. नवी आवृत्ती छापायला जातेय, त्यातून आम्हाला वगळणार. अहो, रस्त्यावर माझा एक बोर्ड नाही. माणसं येतात ती त्या चार ओळी वाचून. त्या गेल्या की या घराला कुलूपच. म्हणून तुम्हाला बोलावलं.”

“तक्रारी कसल्या?”

“माशाला जळक्या तेलाचा वास. वरच्या मजल्यावरच्या खोलीत ढेकूण. नोकर उद्धट. आणि वर मेहेरबानी केल्यासारखं, मुरंबा मात्र छान होता म्हणे.”

“स्वयंपाकी बदलून बघा ना,” ढब्बू म्हणाला.

“स्वयंपाकी मीच आहे.”

ढब्बूचे कान लाल झाले. आत्या वर बघत होती. डोक्यावर थेट कौलं होती. शेगडीवर सूप रटरटत होतं. त्याचा वास असा होता की प्रश्न विचारायला आलेल्या माणसाने आधी वाटी मागावी. आत्याने मागितली. ती संपताच दुसरी मागितली, आणि आत्याने दुसरी वाटी मागणं ही मोठी दाद होती.

“मासे करता का तुम्ही?”

“कधीच नाही. ह्यांना वास सोसायचा नाही. हे गेले, पण घराची सवय राहिली.”

कपाटात मुरंब्याच्या बरण्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडाला निळ्या रेघांचं कापड बांधलेलं. एका कापडावर शाईचा डाग होता.

“ह्यांचे शर्ट,” मालकीणबाई ओशाळून हसल्या. “टाकवत नाहीत, म्हणून बरण्यांना टोप्या करते. पेन नेहमी खिशात गळायचं त्यांचं.”

“विकता का मुरंबा?”

“छे! पाहुण्यांपुरताच होतो. भावजी तेवढे दर खेपेला बरण्या नेतात, त्यांच्या पोरांना आवडतो म्हणून. माझे धाकटे दीर. ह्यांच्या मागे त्यांचाच आधार. शहरातून वाणसामान तेच आणतात. मला चुलीपुढून हलायला कुठे होतं?”

नाव काढायला आणि भावजी यायला एकच गाठ पडली. खांद्यावर पिठाचं पोतं, चेहऱ्यावर हसू. पाहुण्यांचं काम कळल्यावर ते आणखी मोकळं हसले.

“त्यात शोधायचं काय? समोरचा हॉटेलवाला! त्याच्या डोळ्यांत खुपतं वहिनींचं घर.”

मालकीणबाईंनी चहा पुढे केला.

“बिनसाखरेचा ना, वहिनी? डॉक्टरांनी मला गोड बंद केलं आणि आमच्या हिने अख्ख्या घराला! गोडाचा कण नाही घरात. पोरं शेजाऱ्यांकडे जाऊन बिस्किटं खातात, बोला!” त्यांनी घोट घेतला. “मी तर वहिनींना म्हणतो, किती राबणार? विकून टाका. गिऱ्हाईक मी बघतो.”

“आम्ही तळ्याकडून आलो,” आत्या म्हणाली. “बोगद्याकडून येताना वाटेत काय लागतं?”

“काही नाही. एक कच्चा रस्ता आत जातो, लाकडाच्या वखारीकडे. ट्रकची वर्दळ असते. वहिनींना मी तिकडे फिरकूच देत नाही.”

समोरचा हॉटेलवाला गल्ल्यावर बसून जांभया देत होता. प्रश्न ऐकताच उसळला.

“मी पाटी चोरू? अहो, बाईंच्या खोल्या भरल्या की उरलेली माणसं माझ्याकडे यायची. त्यांच्या चुलीवर माझी पोळी भाजायची. ती चूल मी विझवेन?”

“मग हल्ली गाड्या येत नाहीत?”

“तळ्याकडून येतात तेवढ्या येतात. बोगद्याकडून आलेली एकही वळत नाही. रस्ता भरून वाहतोय, पण गाड्या मधल्या मध्ये गळतात कुठे, देव जाणे.”

बाहेर आल्यावर ढब्बू म्हणाला, “नाटकी आहे हा. खोट्या तक्रारी ह्यानेच पाठवल्या असणार.”

“शत्रूच्या मुरंब्याचं कौतुक करून?” आत्या गाडीत बसली. “चल, बोगद्यापलीकडे जाऊन परत येऊ. येताना तू या रस्त्यावर कधी आलाच नाहीस असं समज. पुस्तक सांगेल तसंच वळायचं.”

बोगद्यातून गाडी पुन्हा उजेडात आली तसं ढब्बूने त्या चार ओळींखालचा पत्ता पाठ म्हटला, “‘बोगद्याकडून आल्यास उजवीकडचं पहिलं वळण. फाटकावर चमच्याची पाटी.’” पहिलं वळण आलं. कच्चा रस्ता, झाडी, फाटक. फाटकावर पितळी चमचा चकाकत होता.

आत लाकडाचा एक ओंडका नव्हता. दुमजली, नवंकोरं गेस्ट हाउस होतं आणि तळणाचा वास अंगणापर्यंत आला होता. काउंटरवरच्या माणसाने ढब्बूच्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि मान न उचलता म्हणाला, “मुरंबा आहे.”

“आम्ही विचारलं कुठे?” ढब्बू चकित झाला.

“पुस्तकवाले सगळे तेच विचारतात.”

आत्याने एक अख्खी बरणी विकत घेतली. किंमत ऐकून ढब्बूला ठसका लागला.

दुपारी मालकीणबाईंच्या जेवणघरात चौघे बसले: त्या स्वतः, भावजी, समोरचा हॉटेलवाला आणि ढब्बू. टेबलावर आत्याचा फोन होता. पलीकडून संपादकबाई ऐकत होत्या. फोनशेजारी नॅपकिनखाली काहीतरी झाकलेलं होतं.

“तक्रारी खऱ्या आहेत,” आत्याने सुरुवात केली. मालकीणबाईंचा चेहरा उतरला. “पण त्या या घराच्या नाहीत. इथे वरचा मजला नाही आणि मासे शिजत नाहीत. ती माणसं दुसरीकडे जेवली. बोगद्याकडून येणाऱ्यांना पूर्वी पहिलं वळण तुमचं लागायचं. आता त्याच्या आधी एक कच्चा रस्ता फुटलाय. तिथल्या गेस्ट हाउसच्या फाटकावर तुमची चोरलेली पाटी लावली की झालं. या घराला वेगळं नावही नाही. बोगद्यापलीकडे तेही आहेच.”

“हरामखोर!” हॉटेलवाला म्हणाला. “पण कोण?”

“पाटी कुणीही चोरेल. मुरंबा नाही. पुस्तकात एकच गोष्ट अशी होती, जी प्रवासी येताच तपासणार. ‘चुकवू नये’ असं छापल्यावर कोण चुकवेल? मुरंबा नसता तर लोकांनी ओळखलं असतं, आपण चुकीच्या घरी आलो. म्हणून त्या माणसाला तो या कपाटातूनच न्यावा लागला. तो मिळतो दोघांनाच. पाहुण्यांना ताटात, आणि भावजींना बरण्यांनी.”

“पोरांसाठी नेतो,” भावजी म्हणाले.

“ज्यांच्या घरात गोडाचा कण नाही, त्या पोरांसाठी? आणि ज्या वळणावर तुम्ही वखार सांगितलीत, तिथे आम्ही जाऊन आलो. वहिनींना तिकडे फिरकू न देण्याचं कारण ट्रक नव्हते, तुमचं गेस्ट हाउस होतं.”

आत्याने नॅपकिन उचलला.

“अशा बरण्या बाजारात ढिगाने मिळतात,” भावजी म्हणाले, पण हसू आता ओठांपुरतं उरलं होतं.

मालकीणबाईंनी बरणी जवळ ओढली. निळ्या रेघा. उसवलेल्या खिशाची शिवण. शिवणीखाली शाईचा डाग. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

“भावजी, हा तुमच्या दादाचा शर्ट आहे.”

हॉटेलवाल्यानेसुद्धा खाली पाहिलं. भावजी म्हणाले, “एकाच घरातली माणसं आपण. मला वाटलं, नाव वापरलं तर काय झिजणार आहे.”

“मागितलं असतं तर हाताला धरून मुरंबा करायला शिकवलं असतं मी,” मालकीणबाई म्हणाल्या. “तुम्ही माझ्या नावावर जळकं तेल वाढलंत. आणि घरसुद्धा विकायला लावत होतात.” त्यांनी ड्रॉवरमधून स्क्रू ड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला. “पाटी जिथून काढलीत, तिथे तुमच्या हाताने लावा. मग पोलिसांचं काय करायचं ते मी ठरवीन.”

भावजी उठले. दार लागल्यावर फोनमधून आवाज आला.

“बाई, मला माफ करा. ‘पहिलं वळण’ खोडून ‘दुसरं’ करते, बाकी तुमच्या ओळी तशाच राहतील. खरं सांगू का, जागा कमी पडत होती, म्हणून या वेळी मुरंब्याची ओळ कापणार होते मी.”

“कापू नका हो!” ढब्बू एवढ्या जोरात ओरडला की मालकीणबाई त्या दिवसात पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या. त्यांनी त्याच्यापुढे पाव आणि ती बरणी ठेवली.

संध्याकाळच्या उन्हात भावजी मान खाली घालून खांबावर पाटी लावत होते. त्याच वेळी बोगद्याकडून आलेली एक गाडी पाटी पाहून वळली. मालकीणबाई अ‍ॅप्रन सारखा करत पुढे गेल्या.

“आत्या,” ढब्बू तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, “पुस्तक मला पाठ आणि चोर तुला कसा सापडला?”

“तुला ती ओळ पाठ होती, राजा,” आत्याने त्याच्या हातातला पाव काढून घेतला. “मी ती पाळली.”