बरणीच्या पलीकडून

बरणीचं झाकण एका अनोळखी माणसाच्या हातात होतं, आणि तो ते शांतपणे रुमालाने पुसत होता.

ती नववीला विज्ञान शिकवायची. दुसरीच्या वर्गाच्या खिडकीत ऊन बेताचं येतं, म्हणून बरणी तिनेच तिथे ठेवली होती. तळाशी चिखल, वर पाणी, पाणवनस्पती आणि एक गोगलगाय. तीस दिवस झाकण न उघडता आतलं जग जगलं, तर हा प्रकल्प सगळ्या इयत्तांना. नाहीतर बंद, असं मोठ्या बाईंनी बजावलं होतं. आज एकोणिसावा दिवस. मधल्या सुट्टीत ती सहज डोकावली, तर हे.

"कोण तुम्ही?"

"चित्रकलेचा. दुसरी ते चौथी. नवीन आहे."

"नवीन आहात म्हणून माझ्या एकोणीस दिवसांचं वाटोळं करायचं?"

"गोगलगाय गुदमरत होती, बाई."

"कोणी सांगितलं?"

"दुसरीने."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, दुसरीला स्वतःच्या बुटाच्या नाड्या बांधता येत नाहीत. माझी मुलं रोज नोंद ठेवतात." तिने वही उघडून त्याच्या नाकासमोर धरली. एकोणीस ओळी. काही बदल नाही. काही बदल नाही. काही बदल नाही...

त्याने सगळ्या वाचल्या. मग कपाटातून चित्रांचा गठ्ठा काढून बाकावर एकेक मांडत गेला. वर्गातलं रोजचं एक चित्र. पहिल्या दिवशी पानं हिरवीगार, गोगलगाय तळाशी. सहाव्या दिवशी एक पान पिवळं. बाराव्या दिवशी पाणी गढूळ. सोळाव्यापासून गोगलगाय पाण्याबाहेर, काचेला चिकटलेली. आज थेट झाकणाशी.

"पानं कुजली की पाण्यातला प्राणवायू..." ती बोलता बोलता थांबली. हे तिनेच फळ्यावर शिकवलं होतं. तिच्या हुशार मुलांनी पहिली ओळ अठरा वेळा उतरवली होती, आणि तिने न बघता सह्या ठोकल्या होत्या.

राग गेला नाही. फक्त त्याने पत्ता बदलला.

"आणि हे काय?" प्रत्येक चित्रात बरणीमागे एक भलामोठा चेहरा होता. कपाळाला आठ्या, केसांत शेवाळ.

"तुम्ही," तो म्हणाला. "रोज पहिल्या तासाआधी व्हरांड्यातून वाकून झाकण घट्ट आहे का बघता ना... आम्ही इकडून बघत असतो. मुलांना सांगितलं होतं, दिसेल ते काढा."

"आणि एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"वाटलं. पण मग तुम्ही वाकला नसतात."

तिने चित्रं गोळा केली आणि तरातरा मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. मागून तो, बरणी सांभाळत.

"झाकण उघडलंय, बाई. आणि उघडलं तेच बरं झालं. नववीने बघितलंच नाही. मीसुद्धा नाही. दुसरीने बघितलं."

मोठ्या बाईंनी सगळी चित्रं पाहिली, चष्मा काढून परत पाहिली. "मग दुसरीपासूनच सुरू करा. दुसरीला चित्रं, पाचवीला गणितात मोजमाप, आठवीला भाषेत रोजनिशी, नववीला कारणं. दोघं बसून लिहा. भांडत लिहिलंत तरी चालेल."

व्हरांड्यात तिने गठ्ठा मोजला. दिवस एकोणीस, कागद वीस. विसाव्यावर ना बरणी, ना गोगलगाय. नुसता पेन्सिलीने काढलेला चेहरा. आठ्यांसकट.

"हे दुसरीतल्या कोणाचं?"

"दुसरीतलं नाही..." त्याचे कान लाल झाले. "माझं आहे. रोज थोडं थोडं काढलं."

"नाक चुकलंय."

"काचेतून वाकडंच दिसायचं. मधे बरणी नसेल, तर जमेल कदाचित."

"उद्या शाळा सुटल्यावर, चार वाजता. योजना लिहायला," ती म्हणाली. "आणि मी अजून रागावलेली आहे, सर."

"दिसतंय. तेवढं चित्रात बरोबर उतरलंय."

तिने चित्र परत दिलं नाही. वर्गाकडे जाताना वही उघडली, एकोणिसावी ओळ खोडली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं—बदल आहे.