मिरजेची गवसणी, मंगळावरची शिंक

शर्वरीने डोळे मिटून सूर लावला आणि... आक् छी!

मंगळावरच्या वसाहतीत राहणाऱ्या या छोट्या गायिकेला रियाझाला बसलं की शिंका येत. शाळेत नाही, जेवताना नाही, तानपुऱ्याची गवसणी (कापडी खोळ) काढली की मात्र हमखास! इथे ना गवत, ना परागकण. लाल धूळही दुहेरी दारं ओलांडून आत येत नाही. मग या शिंका येतात तरी कुठून?

वसाहतीचा वर्धापनदिन पंधरा दिवसांवर आला होता. त्या दिवशी तिचं गाणं मिरजेच्या गुरुजींपर्यंत पोचणार होतं. गुरुजी पृथ्वीवरून धडे पाठवत, पण तिची एकही चीज त्यांनी सबंध ऐकली नव्हती. मध्येच शिंक!

आईने कपाटातली ॲलर्जीची जुनी गोळी दिली. शिंका थांबल्या, पण घसा पापडासारखा वाळला आणि ताना घेता घेता बाईसाहेब चक्क घोरू लागल्या.

"आगीतून फुफाट्यात पडले मी!" रडवेली शर्वरी गवसणी घेऊनच आजोबांकडे धावली. आजोबा, म्हणजे तिचे तात्या, वसाहतीचे डॉक्टर होते. त्यांच्या टिंबू यंत्रमानवाने गवसणीचा एक धागा भिंगाखाली धरला. पडद्यावर आठ पायांचा गुबगुबीत प्राणी दिसला.

"हा धूळकिडा (आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगणारा अगदी बारीक जीव)," तात्या म्हणाले. "मिरजेच्या आत्यानं जुन्या गोधडीची गवसणी शिवली ना, तिच्यातून हे पाहुणे फुकटात मंगळावर आले."

"चावतात?"

"छे गं! पण त्यांची घाण नाकात गेली की तुझ्या शरीराचे पहारेकरी साप साप म्हणून भुई धोपटतात. ते हिस्टामिन (धोक्याची हाक देणारं रसायन) सोडतात. मग नाक वाहतं, शिंका येतात. हीच ॲलर्जी."

"मग गोळीनं आवाज का बसला?"

"गोळीनं ती हाक दाबली. पण ही जुन्या प्रकारची गोळी झोप आणते आणि ओलावाही पळवते. स्वरतंतू (घशातल्या आवाज काढणाऱ्या पट्ट्या) ओलसर असले तरच मोकळे थरथरतात. गाणाऱ्याचं औषध नाक आणि गळा, दोघांना विचारून द्यावं लागतं."

"आणि गवसणी? आत्याची आहे हो, टाकायची?"

"टाकतेस कशाला? मंगळ आहे की!"

टिंबूने गवसणी बाहेर दांडीवर टांगली. कडाक्याच्या थंडीत किडे मेले. मग त्यांची घाण जावी म्हणून ती गरम पाण्यात धुतली. तात्यांनी शर्वरीला नाकात मारायचा फवारा दिला. "याचा गुण हळूहळू येतो, म्हणून आजच सुरू कर. कार्यक्रमाच्या दिवशी नवं औषध कधीच घ्यायचं नाही. आणि पाणी पीत राहा."

वर्धापनदिनी टिंबू रुमाल घेऊन शेजारी उभा होता. त्याला काही कामच उरलं नाही! चीज संपली, टाळ्या झाल्या. गाणं मिरजेला पोचायला दहा मिनिटं आणि दाद परत यायला दहा. बाकीचे जिलबीवर तुटून पडले, शर्वरी मात्र पडद्यासमोरून हलेना.

पडदा उजळला. गुरुजी डोळे पुसत होते.

"सबंध ऐकली गं पोरी! काय मोकळा आवाज लागलाय! आता तिकडची चार मुलं गोळा कर. मंगळावर आपलं घराणं सुरू होऊ दे."

शर्वरीने आनंदाने उडीच मारली. मग तिने जिलबी खाणाऱ्या पोरांकडे वळून हाक दिली, "ए, हात धुऊन या रे सगळे! मांडी घालून बसा इथे."