मागच्या सीटचं वजन

लाईट येईपर्यंत बसा. राजदूत विकायची का, असं विचारलंत. विकायची आहे. पण आधी ऐका, मग ठरवा. मला विकणाऱ्यानं काही सांगितलं नव्हतं, मी तसलं पाप करणार नाही. फक्त आवाज हळू ठेवतो, शिल्पा आत आहे.

मे महिन्यात मी देगलूरला गेलो होतो, मेव्हण्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला. मी इथं लातूरला शाळेत प्रयोगशाळा सहायक, त्यामुळं सुट्टीत असली कामं माझ्याच गळ्यात पडतात. पत्रिका दिली, चहा झाला, निघताना शेजारच्या गोठ्याकडं नजर गेली. कडब्याच्या पेंढ्यांमागं ही राजदूत मोटारसायकल उभी होती. टाकीवर कोंबड्यांची घाण, सीट उंदरांनी खाल्लेली. मला तेव्हा मोबाईलवर जुन्या गाड्या नव्या करायचे व्हिडिओ बघायचा नाद लागला होता. ज्याला साधं पंक्चर काढता येत नाही त्याला असला नाद लागला, की त्याचं काही खरं नसतं.

गाडीचा मालक वैजनाथ. पन्नाशीचा, बोलायला कमी. त्यानं चार हजार सांगितले, मी तीन म्हणालो, तो लगेच हो म्हणाला. तिथंच मला शहाणपण यायला हवं होतं. टेम्पोत गाडी चढवताना त्यानं मागच्या चाकाच्या डाव्या बाजूची लोखंडी जाळी खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली. बायका एका बाजूनं बसतात, त्यांचा पदर चाकात जाऊ नये म्हणून लावतात ना, ती साडीची जाळी.

"बाकी काय बी बदला साहेब," तो म्हणाला, "ही जाळी तेवढी काढू नका."

"हाव, न्हाई काढत," मी म्हणालो. हो म्हणायला माझ्या बापाचं काय जात होतं?

लातूरला मला शंकरप्पा मिस्त्री भेटला. उदगीरकडचा माणूस, निम्मं कानडी बोलायचा, पण हाताला गुण होता. तो म्हणाला, इंजिनाचं मी बघतो, घासायचं-पुसायचं तुम्ही करा, तेवढीच तुमची मजुरी वाचंल. मग मी जून महिनाभर अंगणात बसून रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन गंज घासला. नवं काही घ्यायची ऐपत नव्हती, निम्मं सामान भंगारातून आणलं. आणि व्हिडिओतल्या एकाही गाडीला साडीची जाळी नव्हती. मी काढली. वजनावर विकली, त्यात प्लग आला.

"जाळी का काढलात?" शंकरप्पानं विचारलं.

"लूक येतो."

"अय्यो," म्हणाला आणि पान्हा घेऊन बसला.

जुलैत गाडी सुरू झाली. काय सांगू तुम्हाला, लग्नात झाला नव्हता एवढा आनंद झाला मला! शंकरप्पानं मात्र बजावलं, "इंजिनाचा बोअर नवा आहे. पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची न्हाई. आन् डबल सीट तर अजिबात न्हाई."

भावाचं लग्न उरकून मी परत आलो होतो, शिल्पा मात्र अजून माहेरी मुदखेडलाच होती. मागं बसायला कोण होतं? मी एकटाच रोज सकाळ-संध्याकाळ रिंग रोडला चक्कर मारायचो. पण पहिल्याच दिवसापासून गाडी जड चालायची. वळणावर मागून ओढ बसायची. दिवेलागणीला लाईट लावली तर उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी लिंबाच्या झाडांवर पडायचा, मागं ओझं असल्यावर पडतो तसा. मी म्हणालो, शॉकअप गेलेत. भंगारातून दुसरे आणून बसवले. फरक नाही. हवा वाढवली, चेन ढिली केली. तरी फरक नाही. नवशिक्या माणसाला सगळी खोट आपल्याच हातात दिसते हो. दुसरं काही असेल हे डोक्यातच येत नाही.

शेवटी एका दुपारी शंकरप्पाकडं नेली. ऊन रणरणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी गॅरेजपुढं थांबलो तर तो खेकसला, "डबल सीट नको म्हणलं होतं की न्हाई?"

"मी एकटाच की."

तो बघतच राहिला. माझ्या मागं बघत होता, मग माझ्याकडं. मग हात पुसत आला आणि मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला. चाक आणि मडगार्डच्या मधल्या फटीत त्यानं बोटं आडवी धरली.

"उतरा."

मी उतरलो.

"बसा."

बसलो.

"चार बोटं. एका माणसाला बरोबर हाय," तो म्हणाला. "आता हलू नका... मुळीच हलू नका..."

मी हललो नव्हतो. देवाशपथ नव्हतो हललो. शॉकअप कुरकुरले आणि गाडी मागून हळूहळू खाली बसली, एखादं माणूस साडी सावरून जपून बसतं तशी. शंकरप्पानं दोन बोटं काढून घेतली. घ्यावीच लागली, चेमटली असती. ग्रीस आणि पेट्रोलच्या त्या वासात मला एकदम नव्या कोऱ्या साडीच्या खळीचा वास आला. इतका जवळून, की मान वळवायची हिंमत झाली नाही.

"घरी न्या साहेब," शंकरप्पा खालच्या आवाजात म्हणाला. "माझ्याकडं पुन्हा आणू नका."

घरी कशी आणली मला आठवत नाही. ओट्याला लावली आणि वर ताडपत्री टाकली. चार दिवस तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पाचव्या दिवशी शिल्पा आली. पिशवी ठेवली, पाणीसुद्धा प्याली नाही.

"कोण होती ती?"

"कोण?"

"तुमच्या मागं बसलेली. हिरव्या साडीतली. समोरच्या उज्वलाताईनं दोनदा बघितली. मी तिकडं भावाच्या लग्नात राबून राहिले, आन् तुम्ही हितं बाया फिरवून राहिले?"

आता काय सांगणार? भूत होतं म्हणालो असतो तर जोड्यानं मारलं असतं तिनं. मी कुणीच नव्हतं, कुणीच नव्हतं एवढंच म्हणत राहिलो. माझा घाम बघून तिचा संशय पक्का झाला. रात्री जेवली नाही. म्हणाली, "रविवारी रेणापूरला देवीला जायचं. त्याच गाडीवर. माझ्या जागेवर कोण बसते ते बघायचंच हाय मला."

मी नाही म्हणायला हवं होतं. आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. पण मनात आलं, खरी धनीण बसली की ती उठेल. बाई दुसऱ्या बाईच्या जागेवर कशाला बसेल?

रविवारी सकाळी निघालो. शिल्पा दोन्ही पाय डावीकडं सोडून बसली, पदर खांद्याला पिनेनं लावलेला. रेणापूरच्या रस्त्याला लागलो, दोन्ही बाजूंना सोयाबीन, ऊन कोवळं. तेवढ्यात ती म्हणाली,

"अहो, सरका ना पुढं जरा. पडीन मी."

"किती सरकू? टाकीवर आलोय."

"मग मला मागून कोण ढकलतंय?"

मी आरशात बघितलं. आरशात शिल्पाचा खांदा होता. त्या खांद्यावर एक हात होता, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरलेला. तो हात सावकाश तिच्या पदराची पिन काढत होता.

मी ब्रेक दाबला. तोवर पदर चाकात गेला होता. शिल्पाचा आवाज अर्ध्यातच बंद झाला, ती मागं वाकली, आणि गाडी आम्हाला घेऊन आडवी झाली. मी उठून तिच्या गळ्याचा फास सोडवला. साडी दातानं फाडली हो, दातानं! ती वाचली. अजून दोन पावलं गाडी गेली असती तर आज शिल्पा आत नसती. गळ्याभोवती काळानिळा वळ उठला होता. पिन मात्र सीटवर ठेवलेली होती, नीट बंद करून.

दवाखान्यातूनच मी वैजनाथला फोन लावला. तोंडाला येईल ते बोललो. तो सगळं ऐकून घेत राहिला.

"जाळी काढली न्हवं तुम्ही?" शेवटी एवढंच विचारलं.

मग रडत रडत त्यानं सांगितलं. सिंधु, त्याची बायको. लग्नाला नऊ दिवस झाले होते. नवी साडी, नवी राजदूत, मागं जाळी नव्हती. देगलूरच्या वेशीपाशी पदर चाकात गेला. त्याला मागं वळून बघेपर्यंत... जाळी त्यानं नंतर बसवली. जाळी होती तोवर ती नुसती बसायची, कुणाला त्रास नव्हता.

"दुसरं लग्न केलं न्हाई मी," तो म्हणाला. "पितरपाटात नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालावी लागती. माझ्याकडं गावातली कोणीच येईना, भेतात समदे. तुमच्या मंडळीला घेऊन या. सिंधुनं त्यांच्यावर हात टाकलाय. त्यांनीच जेवून ओटी घेतली तर ती निघून जाईल, असं आमचे गुरुजी म्हणतात."

तुम्हाला ठाऊक आहे, जी बाई कुंकू लावून गेली, तिच्यासाठी अविधवा नवमीला जिवंत सवाष्णीला ताटावर बसवतात. मला दुसरा मार्ग दिसत नव्हता. शिल्पा रोज पहाटे गळा धरून उठायची. मला बायको परत हवी होती, बाकी काही नको होतं.

नवमीला आम्ही एसटीनं देगलूरला गेलो. ओसरीवर दोन पाट मांडले होते. एकावर शिल्पा, दुसऱ्यावर सिंधुचा फोटो. चांगली हसरी पोर होती, विशीची. वैजनाथच्या वहिनीनं पुरणपोळी वाढली, खण-नारळानं ओटी भरली, हळदीकुंकू लावलं. शिल्पा नीट जेवली. महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवली. वहिनीनं डोळे पुसले. मलाही भरून आलं, वाटलं सुटलो एकदाचे.

निघताना शिल्पा फोटोपुढं वाकली. आणि बायकांची सवय असते हो, हळदीकुंकू घेतलं की समोरच्या बाईला आपल्याकडं बोलवायचं. ती फोटोला कुंकू लावत सहज म्हणाली,

"येते हं ताई. तुम्ही बी या एकदा लातूरला आमच्याकडं."

वैजनाथच्या हातातला तांब्या खाली पडला. वहिनीनं तोंडावर पदर घेतला. मी शिल्पाला दंडाला धरून स्टँडवर आणलं आणि उभी असलेली पहिली उदगीरची गाडी पकडली.

गाडी अर्धी रिकामी होती. आम्ही तिघांच्या बाकड्यावर बसलो, मी कडेला, ती मधे. खिडकीची जागा तिनं सोडली होती. गरम होत असेल, ऊन असेल, असं मी स्वतःला सांगितलं. कंडक्टर आला.

"उदगीर. एक फुल, एक हाफ," मी म्हणालो. बायकांना अर्धं तिकीट आहे ना.

त्यानं मशीनवर बोटं मारली आणि तीन तिकिटं फाडून माझ्या हातात दिली.

"दोनच पाहिजेत," मी म्हणालो.

"एक तुमचं," तो खिडकीकडं बघत वैतागून म्हणाला, "आन् या दोघींची दोन हाफ. मोजता येत न्हाई का?"

मी तिसरं तिकीट परत द्यायला हात पुढं केला. शिल्पानंच माझ्या मांडीवर हलकी चापट मारली, चारचौघांत नवरा चुकला की मारते तशी.

"द्या की पैसे. पाहुण्या माणसाला तिकीट काढायला लावता का?"

मी पैसे दिले. मुक्रमाबाद मागं पडलं तेव्हा ती रिकाम्या खिडकीकडं वळून बसली होती आणि हळू आवाजात सांगत होती, आमच्या घरात खोल्या किती आहेत, आणि रात्री कोण कुठं झोपतं.