मास्टर आफ्रियेच्या कपाटातली रॅम

गेली ना लाइट? मग बसा गप्प. अदोमा, तो मोबाइलचा दिवा बंद कर आधी, डोळ्यात जातोय. मी गोष्ट सांगत नाहीये, घडलेलं सांगतोय. अनोक्येनं स्वतः सांगितलंय मला, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही. थापा मारायला डोकं लागतं.

इथंच, कुमासीत. मागच्या ऑगस्टमधला दुसरा गुरुवार. अनोक्ये निघाला होता मॅडम सेरवाच्या प्रसूतिगृहात, सर्व्हरची रॅम वाढवायला. सर्व्हर सेकंडहँड, तेमाच्या बंदरावरून आलेला. काम मुळात त्याच्या मास्टरचं, कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या आफ्रियेचं. पण मास्टर मे महिन्यातच गेला होता. देह अजून शवागारात, बर्फात. शुक्रवारी घरी आणायचा, शनिवारी पुरायचा. एवढ्या मोठ्या माणसाला आपल्यात घाईघाईनं पुरतात होय?

मॅडमचा अनोक्येवर काडीचा भरवसा नव्हता. "तुझ्या मास्टरनं तुला कधी एक मशीन पुरं करू दिलं नाही, बघितलंय मी. सकाळी हे चालू दिसलं नाही तर राजधानीतनं, अक्राहून माणसं बोलावते." ते गिऱ्हाईक सुटलं असतं तर मास्टरचं दुकानच बसलं असतं. आणि बाई खोटं बोलत नव्हती. अनोक्ये रॅमची पट्टी बसवायला लागला की मास्टर त्याला खांद्यानं ढकलायचा, "सरक! फुफूचे कंद कुटतोयस का?"

त्या सर्व्हरला चालणारी रॅम बाजारात मिळेना. होती ती मास्टरच्या कपाटात. आणि दुकानाला कुलूप घातलेलं घरच्या वडीलधाऱ्यांनी. माणूस मातीआड होईपर्यंत त्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण भाचा बेदियाको! आपल्यात वारसा भाच्याकडे जातो, म्हणजे मामाचं सगळं त्यालाच मिळणार होतं. मागच्या दारानं पट्ट्या काढून आणल्या त्यानं. "दोन दिवसांनी माझंच आहे ना सगळं? घे, आणि तोंड बंद ठेव."

अनोक्येनं घेतल्या. गाढव!

रात्री सगळे निजल्यावर त्यानं सर्व्हर बंद केला, उघडला, पट्ट्या दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवल्या, चालू केला. नुसतं पीं पीं. परत काढल्या, खोडरबरनं पुसल्या, परत बसवल्या. तेच. आता याच्या डोक्यात संशय शिरला. बेदियाकोनं चांगल्या विकून मेलेल्या तर नाही दिल्या? लावला फोन.

"आईशप्पथ, मामाच्या कपाटातल्याच आहेत," बेदियाको झोपेत करवादला. "तुलाच बसवता येत नसतील."

अनोक्येनं फोन आपटला. पट्टी पुन्हा उपसली, आणि हात झटकन मागे घेतला.

गार. बर्फासारखी गार. चालू मशीनमधनं निघालेली पट्टी बोट भाजते रे. हिच्यावर दव साचलं होतं. एसी बंद होता. त्यानं दुसरी काढली. तीही तशीच.

कुणीतरी चेष्टा करतंय, त्याला वाटलं. रखवालदार इसाका असणार. त्या माणसाला असले धंदे सुचतात.

तेवढ्यात लाइट गेली.

"इसाका! बस झाला चावटपणा!"

"काय झालं?" इसाकाचा आवाज आला... लांबून. फाटकापासून.

म्हणजे खोलीत इसाका नव्हता.

अनोक्ये एका हातात पट्टी, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर धरून तसाच बसला. वास आला. औषधाचा, शवागारात येतो तसला.

मग खांद्याला खांदा लागला.

गार...

ढकललं त्याला. बाजूला. हलकेच.

हातातली पट्टी कुणीतरी घेतली.

 

खट्.

...

खट्.

...

किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही. लाइट आली तेव्हा तो भिंतीला चिकटून बसला होता. सर्व्हर चालू. स्क्रीनवर रॅम पूर्ण दिसतेय. झाकण लागलेलं, सगळे स्क्रू घट्ट. आणि स्क्रूड्रायव्हर? अनोक्येच्या मुठीत. त्यानं तो सोडलाच नव्हता.

सकाळी मॅडम खूश. "शिकलास म्हणायचं!" गिऱ्हाईक राहिलं, दुकान राहिलं. अनोक्ये मात्र ढसाढसा रडला. बाईला वाटलं, मास्टरच्या आठवणीनं.

मला तरी कुठं पटलं होतं? मी त्याला तोंडावर म्हटलं, झोप लागली असेल तुला, नाहीतर चढवून गेला असशील. इसाकालाही खोदून खोदून विचारलं.

पण त्याच शुक्रवारी संध्याकाळी मास्टरला घरी आणलं. आंघोळ घालायला ज्या म्हाताऱ्या बसल्या, त्यांत तुमची फ्रेमा मावशी होती. ती मध्येच उठून बाहेर आली, मला कोपऱ्यात घेतलं.  मास्टरच्या दोन्ही अंगठ्यांवर आडवे वळ होते म्हणाली, खोल, लालबुंद. काहीतरी जोर लावून दाबल्यावर उठतात तसले. ताजे. तीन महिने बर्फात पडलेल्या माणसाच्या अंगात कुठलं आलंय रक्त?

अनोक्येचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही. ती हळूच म्हणाली,

"दादा, त्या बिचाऱ्याला अजून कामाला कुणी लावलंय रे?"