नवलखुणांचा रस्ता

शेवटच्या क्षणी पशुवैद्य खुस्पे खूश होते, यात शंकाच नव्हती.

शलाका बोंद्रेने आलेख पुन्हा मागे नेला. पडद्यावर तीन रेघा होत्या. निळी नजरेची, पिवळी दक्षतेची आणि हिरवी आनंदाची. शीघ्रमार्गावर येणाऱ्या प्रत्येक गाडीत चालकाच्या मानेमागे दक्षतामापक बसवलेला असे आणि मेंदूतली खळबळ तो टिपून ठेवी. खुस्प्यांची गाडी बंद पडलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली, तेव्हा लख्ख ऊन होतं. त्यांची नजर थेट ट्रॉलीवर होती. दक्षता काठोकाठ होती. ब्रेकला पाय लागलाच नव्हता. हिरवी रेघ मात्र, जत्रेतला पाळणा दिसल्यावर पोरं उडी मारतात तशी, टुणकन वर गेली होती.

"झोप नाही, दारू नाही, वेगही बेताचा," प्राध्यापक हेरंब टिळेकर म्हणाले. "मरण समोर दिसतंय आणि हा गृहस्थ हसतोय. काय प्रकार आहे, बाई?"

टिळेकर संख्याशास्त्रज्ञ होते आणि सरकारनं नेमलेल्या समितीचे अध्यक्ष. शलाकाचा हा प्रयोग राज्यभरच्या रस्त्यांवर न्यायचा की गुंडाळायचा, हे त्यांची समिती उद्या ठरवणार होती. खिशातली खडीसाखर तोंडात टाकायची आणि समोरच्याला बोलतं करायचं, ही त्यांची पद्धत. शलाकाला त्यांची थोडी धास्तीच वाटे.

"खुस्पे एकटे नाहीत, सर. गेल्या पावसाळ्यापासून या रस्त्यावर जे दगावले, त्यातले बहुतेक असेच गेले. जागे आणि आनंदात."

"मला पहिल्यापासून सांगा. मी या विषयात अगदी ढ आहे असं समजा."

"आज दाढी करताना कुठल्या गालापासून सुरुवात केलीत?"

टिळेकरांनी गालावरून हात फिरवला. "छे! काही लक्षात नाही."

"कारण तुम्ही ती दाढी पाहिलीच नाहीत. मेंदू भारी चिक्कू असतो, सर. रोजच्या गोष्टीवर तो नजर खर्चत नाही, ती गृहीत धरतो. सरळसोट रस्त्यावर तासभर गाडी चालवली, की समोर दिसणारा रस्ता निम्म्याहून अधिक मेंदूनंच मनानं रंगवलेला असतो. आम्ही याला अपेक्षादृष्टी म्हणतो. दारू, वेग, मोबाइल ही कारणं पंचनाम्यात येतात. पण शुद्धीतला, सज्जन माणूस भरदिवसा उभ्या ट्रकवर जाऊन आदळतो, त्याचं काय? ट्रक रस्त्यावर असतो, अपेक्षेत नसतो. म्हणून तो दिसत नाही."

"आणि तुम्ही त्या अपेक्षेलाच सुरुंग लावलात."

"नवलखुणा लावून. हवेत उमटणारी प्रकाशचित्रं. कुठे जांभळा मैलाचा दगड, कुठे झाडावर चढलेली रिक्षा. कुठे काय उमटायचं ते यंत्र ठरवतं, मलाही आधी कळत नाही. मेंदूला काही गृहीतच धरता येत नाही, त्यामुळे तो पाहत राहतो. पहिल्या वर्षी मृत्यू पावपट झाले, सर. पावपट!"

हे सांगताना शलाकाचा आवाज नेहमीप्रमाणे थोडा चढला. तिचा जीव होता या रस्त्यात. आणि लोकांनीही तो डोक्यावर घेतला होता. रविवारी माणसं डबे बांधून नवलखुणा बघायला निघत. प्रकाशअभियंता नौशाद मुजावर यांनी रस्त्यात उभा राहून हात करणारा एक फेटेवाला बनवला होता, त्याचं तर कौतुक विचारूच नका. त्याला उलट हात केला की प्रवास सुखाचा होतो, असं चालकांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. एखाद्याचा हात करायचा राहिला, तर तो गावी पोचेपर्यंत हळहळे.

"फेटेवाला रस्त्याच्या कडेला असतो की मधे?" टिळेकरांनी विचारलं.

"आधी सगळ्या खुणा कडेलाच होत्या. पण कडेची सवय व्हायला लागली, तेव्हा मधे आणल्या. गाडी जवळ आली की त्या विरून जातात. त्रास कोणालाच नाही."

टिळेकर खडीसाखर या गालातून त्या गालात फिरवत राहिले. "जागा पाहिल्याशिवाय मला आकडे कळत नाहीत. तुम्ही पुढे व्हा. आम्ही मिनीबसनं मागोमाग येतोच."

राज्यातल्या सर्वांत आधुनिक रस्त्याच्या प्रयोगशाळेला सरकारनं दिलेली जीप मात्र मागच्या पिढीतली होती. डिझेलवर चालणारी. नौशादभाई ती चालवत होते आणि वाटेत आपल्याच कलाकृती दिसल्या की मिशीत हसत होते. डोंगर कापून काढलेल्या खिंडीतलं वळण ओलांडलं आणि जीपखाली काहीतरी खाडकन वाजलं. जीप तिरकी झाली, फरफटत गेली आणि डावी मार्गिका अडवून बसली.

नौशादभाई वाकून खाली पाहून आले. "स्प्रिंगचा पाटा तुटला, मॅडम. आसच सरकलाय. ही आता ढकलून पण हलायची न्हाई."

दोन्ही बाजूंना उभा कातळ होता. गाडी कडेला घ्यायला वीतभर जागा नव्हती आणि वळणामागून येणाऱ्याला जीप अगदी आयत्या वेळी दिसणार होती. नौशादभाईंनी कातळातून वाकलेल्या करंजाची फांदी तोडली आणि वळणाच्या तोंडाशी नेऊन टाकली. फांदीमागे दगड मांडले. शलाका त्यांच्या पुढे जाऊन दोन्ही हात हलवत उभी राहिली.

पहिली गाडी आली. चालकानं तिला पाहिलं, अगदी डोळे भरून पाहिलं. मग प्रसन्न हसला, हात केला, आणि वेग तसूभरही कमी न करता अंगावर आला. शलाका कातळाला चिकटली. गाडीनं फांदी चिरडली, दगड उडवले, जीप दिसताच कशीबशी वळली आणि आरसा घासून निघून गेली.

मागून आलेल्या टेम्पोवाल्यानं तर स्टिअरिंग सोडून चक्क दोन्ही हात जोडले. जीपला वळसा घालून जातानाही तो खिडकीतून मान बाहेर काढून मागे तिच्याकडेच बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद शलाकानं ओळखला. तो तिनं आलेखावर हिरव्या रेघेत पाहिला होता.

ती धावत नौशादभाईंकडे आली.

"नौशादभाई, यांना मी फेटेवाला वाटतेय."

"काय म्हणता?"

"खुस्प्यांना ट्रॉली दिसली होती. नीट दिसली होती. त्यांना वाटलं, आजची नवलखूण ऊस आहे! जवळ गेलं की विरेल. आपण मेंदूला नवल पाहायला शिकवलं आणि त्याबरोबर हेही शिकवलं, की नवल म्हणजे खोटं. आपण जाग मोजत बसलो, नौशादभाई. भरवसा मोजलाच नाही."

नौशादभाईंनी चिरडलेल्या फांदीकडे पाहिलं. "श्रावणात आपण फांद्या पण दाखवल्या हुत्या," ते हळूच म्हणाले. "फुलं आलेल्या."

शलाकानं नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिथल्या रेवानं सगळ्या नवलखुणा तत्काळ विझवल्या आणि खिंडीआधीच्या फलकांवर लाल अक्षरांत 'थांबा' झळकवलं. पण दिवाळीत त्याच फलकांवर 'थांबा' ही अक्षरं फुगडी घालताना लोकांनी पाहिली होती. पुढची गाडी फुगडीची वाट बघतच आली असावी, कारण चालकानं वळणावर मान उंच करून इकडेतिकडे शोधाशोध केली आणि मग जीप चुकवली. बालंबाल बचावला. मागून समितीची मिनीबस येणार होती आणि तिचा चालक तर रोज या रस्त्यानं ये-जा करणारा.

"आपण कधीच दाखवलं नाही असं काय उरलंय?" शलाका ओरडली. "ज्याला बघून आपला माणूस हमखास ब्रेक मारतो, असं काय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांना एकदमच सुचलं. नौशादभाईंनी स्टेपनी उतरवली आणि वळणाशी घरंगळवत नेऊन उजव्या मार्गिकेत आडवी टाकली. कॅनमधलं डिझेल तिच्यावर ओतलं आणि पेटती चिंधी टाकली. काळ्याकुट्ट धुराचा लोट खिंडीत उठला.

नवलखुणेवर विश्वास नसलेल्या माणसाचाही रास्ता रोकोवर विश्वास असतो. आपली काच फुटेल, ही भीती त्याच्या हाडीमासी असते. एक ट्रक धुरापासून बऱ्याच अंतरावर करकचून थांबला. त्याच्यामागे मिनीबस थांबली आणि तिच्यामागे भराभर रांग लागली. शलाकानं रांगेकडे डोळे भरून पाहिलं. ती खाली बसली.

ट्रकवाला दबकत पुढे आला. "काय वो ताई, कशाचं आंदोलन? कांदा का ऊस?"

"आंदोलन नाही, दादा. आमची जीप बंद पडलीय. तुम्ही आदळू नये म्हणून पेटवलं."

तेवढ्यात मागच्या गाडीतून उतरलेल्या एका बाईनं टाळी वाजवली. "अगं बाई! या तर त्या नवलखुणावाल्या बोंद्रे मॅडम! टीव्हीवर येतात ना, त्या!"

सगळा नूरच पालटला. ट्रकवाल्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या आणि तो खो खो हसू लागला. माणसं पुढे सरकली, मोबाइल निघाले. कोणीतरी जीपच्या बॉनेटवर टकटक करून पाहिलं.

"खरी जीप ठेवलीय, राव! कमाल केली यांनी."

"धुराला वास पण आहे बघ!"

"अहो, हे खरं आहे," शलाका जीव तोडून सांगू लागली. "ही नवलखूण नाही!" तर लोक आणखीच हसले. बाईंचा अभिनयही त्यांना आवडला होता. ट्रकवाल्यानं क्लीनरकडून पहार मागवली आणि जळता टायर बाजूला ढकलायला घेतला. मघाशी भेदरलेली माणसं आता लग्नघरातल्यासारखी खुशीत आपापल्या गाड्यांकडे परतली.

टिळेकर मिनीबसमधून उतरून शेजारी येऊन उभे राहिले होते. ते हसत नव्हते. त्यांनी लोकांकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं आणि तोंडातली खडीसाखर कडकन चावली.

"कळलं," ते म्हणाले. "खुस्पे का हसत होते, ते कळलं."

"उद्या समितीला सांगा, सर. हा रस्ता दुसरीकडे कुठेही करू नका. इथलाही बंद करा." हे बोलताना शलाका चिरडलेल्या फांदीकडे बघत होती. आयुष्याची कमाई एका वाक्यात गेली होती. "आणि बंद केला तरी माणसांना पुन्हा डोळ्यांवर भरवसा ठेवायला किती वर्षं लागतील, मला सांगता येत नाही."

"ते बघा!" ट्रकवाला पहार उंचावून ओरडला. "तिकडं अजून एक लावलंय!"

पुढच्या वळणामागून धूर वर चढत होता. पांढरा, बारीक. रांगेत टाळ्या पडल्या, इंजिनं सुरू झाली. शलाकानं फोन लावला.

"रेवा, पुढच्या वळणावरचा धूर आपला आहे?"

"आपण धूर कधी दाखवतच नाही, मॅडम. थांबा, कॅमेरा बघते..." रेवाचा आवाज बदलला. "टेम्पो आहे. कातळावर आदळलाय. चालक बाहेर आलाय, पण पाय धरून रस्त्यातच बसलाय. मधल्या पट्ट्यावर."

हात जोडून मागे बघत गेलेला तो टेम्पोवाला. आणि इथल्या पंचवीसएक गाड्या त्याला बघून हसणार होत्या, हात करणार होत्या, त्याच्या विरून जाण्याची वाट बघणार होत्या.

टायर बाजूला झाला होता. जीपच्या शेजारून एक गाडी जाईल एवढी वाट मोकळी झाली होती. ओरडून उपयोग नव्हता, हात हलवून नव्हता, आगही वाया गेली होती. काय उरलं होतं? आपल्या नवलखुणांनी सगळं केलं, पण आजवर कोणाला अडवलं नाही, कोणाचा मिनिटभर खोळंबा केला नाही. फुकटच्या नवलावर मेंदू कशाला विश्वास ठेवेल!

"सर, तुमची मिनीबस! आडवी घाला त्या फटीत!"

टिळेकरांनी कारण विचारलं नाही. वयाला न शोभेलशा चपळाईनं ते चालकाकडे धावले. मिनीबस ट्रकला वळसा घालून पुढे आली आणि जीप व कातळ यांच्यामधे पाचर मारावी तशी रुतली. चालकानं किल्ली काढून टिळेकरांच्या हातात दिली. नौशादभाई प्रथमोपचाराची पेटी घेऊन टेम्पोच्या दिशेनं पळत सुटले होते.

क्षणभर लोकांनी याचंही कौतुक केलं. मग ते वाट पाहू लागले. मिनीबस विरली नाही. एक हॉर्न वाजला. मग दुसरा. मग सगळी खिंड हॉर्ननं भरून गेली. टाळी वाजवणारी बाई घड्याळ बघू लागली. कोणाचं विमान चुकणार होतं, कोणाची म्हातारी दवाखान्यात होती. मोबाइल खिशात गेले. चेहऱ्यांवरचं हसू एकेक करून उतरलं आणि शलाका ते उतरताना अधाशासारखी बघत राहिली. हिरवी रेघ खाली येत होती.

ट्रकवाला तणतणत तिच्या अंगावर आला. "ओ बाई! लई झाली मजा. गाडी काढा! रस्ता काय तुमच्या बापाचा हाय काय?"

शलाकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. इतकं गोड तिला कित्येक महिन्यांत कोणी बोललं नव्हतं.

"नाही हो, दादा. तुमचाच आहे," ती म्हणाली. "शिव्या द्या हव्या तेवढ्या. पण असेच उभे राहा."