बोरवंडीची नवरी

"नवरदेवाचं एक लग्न आधीच झालंय म्हणे," चंद्रप्रभा वसमतकर म्हणाल्या आणि टपालात आलेला लिफाफा त्यांनी टेबलावर ठेवला.

सही करायला नटूनथटून आलेली माणसं जागच्या जागी गार पडली.

चंद्रप्रभाबाई नांदेडच्या विवाह अधिकारी. नोंदणी लग्नाची नोटीस महिनाभर फळ्यावर लागते, आणि मुदत संपत आली की कुणाचा तरी काका नाहीतर मामा धापा टाकत हरकत घ्यायला येतो, हे त्यांना पाठ झालं होतं. अशा मामांना त्या चहा संपायच्या आत वाटेला लावत. पण ही हरकत तशी नव्हती. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती टपालात पडली होती. रेणापूर तालुक्यातल्या बोरवंडीच्या कुणा शेषेरावांनी लिहिलं होतं, की अंबरीश माझा जावई आहे आणि माझ्या पुनमला टाकून तो नांदेडात नवा संसार थाटतो आहे. सोबत ग्रामपंचायतीच्या विवाह दाखल्याची झेरॉक्स आणि एक रंगीत फोटो होता.

"पुनम कोण?" नवरी आरतीनं विचारलं. ती भोकरकडची, नांदेडला शाळेत शिकवणारी.

"मला काय माहीत! शपथ घेऊन सांगतो, या नावाची बाई मी पाहिलेली नाही." अंबरीश घामाघूम झाला होता. बँकेतला गुळगुळीत माणूस, पण आता त्याची इस्त्री पार मोडली होती.

त्याची धाकटी बहीण मुग्धा साक्षीदार म्हणून लातूरहून आली होती. तिनं आरतीच्या खांद्यावर हात ठेवला. "वहिनी, धीर धर. दादा असा नाही गं."

दारात उभे असलेले आरतीचे वडील हणमंतराव मात्र हसले. लेकीशी त्यांचा सौदा झाला होता. लग्न लागलं तर ते आडवे येणार नव्हते, पण नवरदेवाच्या बाजूनं मोडलं तर तिनं मुकाट्यानं गावी यायचं आणि ते दाखवतील त्या मुलाच्या गळ्यात माळ घालायची.

"चल पोरी. गाडी उभी हाय."

"हणमंतराव, चौकशी मी करते, तुम्ही नाही," बाई कडाडल्या. "पुढच्या सोमवारी सगळे इथे या. तोवर कुणी कुणाला कुठे नेणार नाही."

सगळे गेल्यावर त्यांनी फोटो उजेडात धरला. शालू नेसलेली नवरी खाली मान घालून उभी. शेजारी अंबरीश. डोक्याला फेटा होता, मुंडावळ्या नव्हत्या. खांद्यावर नव्या शेल्याची घडी, डाव्या हातात नारळ. उजवा हात वर उचललेला, अंगठा आणि पहिलं बोट घट्ट मिटलेलं. आणि चेहऱ्यावर खोडकर हसू, जे नवरीकडे पाहून हसलेलं वाटत नव्हतं.

बाई बराच वेळ त्या दोन बोटांकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोरवंडीच्या ग्रामसेवकाला फोन लावला.

"मॅडम, असा दाखला आमच्याकडून गेलेलाच न्हाई. सकाळधरनं दप्तर धुंडून राहिलो. शेषेराव नावाचा माणूस बी गावात न्हाई."

म्हणजे दाखला बनावट. पण बनवला कुणी? संशय घ्यायला माणूस तयारच होता. त्यांनी हणमंतरावांना बोलावलं.

"हे लग्न तुम्हाला नको होतं?"

"हाव. लई नको होतं."

"मग मोडायला हा कागद पाठवला?"

हणमंतरावांचे डोळे लाल झाले. "बाई, मला मोडायचंच असतं तर त्या पोराची तंगडी मोडली असती. कागद कशाला काळे करू?"

"अंबरीशचा फोटो तुमच्याकडे आला कधी?"

"त्याचं थोबाड मी तुमच्या हापिसात पहिल्यांदा पाहिलं. फोटो घेऊन काय आरती ओवाळू?"

माणूस रागीट होता, पण लबाड वाटत नव्हता. बाईंनी त्याला चहा पाजला आणि अंबरीशला आत घेतलं.

"फोटोतला माणूस तूच ना?"

"मीच. पण कुठला ते आठवत नाही. फेटे काय, डझनभर लग्नांत बांधलेत."

"आणि कान किती लग्नांत पिळलास?"

अंबरीश गोंधळला. "कान? एकाच. मुग्धाच्या. मला सख्खी, चुलत, कुठलीच दुसरी बहीण नाही."

"त्या लग्नाचे फोटो आहेत घरी?"

"नाहीत. लग्न घाईत उरकलं. एकच अल्बम केला, तो तिच्याबरोबर सासरी गेला."

"घाई कसली होती?"

"स्थळ चांगलं होतं," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

बाईंनी लातूरची एसटी पकडली. मुग्धा कामावर गेली होती. तिचा नवरा सुदर्शन घरी होता. भला माणूस. मेव्हण्याच्या चौकशीसाठी बाई आल्यात म्हटल्यावर त्यानं कौतुकानं लग्नाचा अल्बम समोर ठेवला. बाई एकेक पान उलटत गेल्या. एका पानावर थांबल्या, अल्बम मिटला आणि त्याला म्हणाल्या, "सोमवारपर्यंत हा माझ्याकडे असू द्या. आणि मुग्धाला काही सांगू नका." त्या भल्या माणसाची त्यांना खरंच कीव आली.

सोमवारी सगळे जमले. या वेळी दाराशी एक महिला पोलीसही उभी होती.

"दाखला खोटा आहे. पुनम नाही, शेषेराव नाही. अंबरीशचं पहिलं लग्न झालेलं नाही," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

आरतीनं डोळे पुसले. अंबरीश खुर्चीत सैल झाला. हणमंतरावांनी तोंड फिरवलं.

"आता या फोटोचं बोलू. नवरदेव म्हणून जो उभा आहे त्याला मुंडावळ्या का नाहीत? कारण तो नवरदेव नाहीच. खांद्यावर नवा शेला, हातात नारळ. हा मान लग्नात कुणाला मिळतो?"

"नवरीच्या भावाला," हणमंतराव पटकन बोलून गेले. "कानपिळीला."

"बरोबर. ही दोन बोटं मिटलीत ती कान धरून. ज्याचा कान होता, त्या खऱ्या नवरदेवाला कुणीतरी कापून टाकलं आणि तिथे कुठलीतरी नवरी चिकटवली. अंबरीशनं आयुष्यात एकच कान पिळला, सुदर्शनचा. त्या लग्नाचा अल्बम एकच. आणि त्यातला नेमका कानपिळीचा फोटो पानावरून उपटलेला आहे." बाईंनी अल्बम उघडून पुढे सरकवला. "दुसरा कुणी असता तर त्यानं बँकेतला, सहलीतला फोटो उचलला असता. हाच फोटो का निवडलास, मुग्धा?"

अंबरीश उठून उभा राहिला. "काहीतरीच काय! माझी सख्खी बहीण आहे ती!"

मुग्धा मात्र अजिबात बावरली नाही. उलट तिचा चेहरा मोकळा झाला.

"कारण त्या फोटोत तू हसत होतास, दादा," ती म्हणाली. "मी मंडपात रडून रडून बेजार, आणि तू कान पिळून हसत होतास."

"मुग्धा, गप्प बस."

"का? वहिनीला कळू दे की. मी आणि आदिनाथनं लातूरला अशीच नोटीस दिली होती. तू हरकत घेतलीस. आदिनाथला गावाकडे बायको आहे असा खोटा दाखला तूच करून आणलास. चौकशी संपायच्या आत बाबांनी मला सुदर्शनच्या गळ्यात बांधलं. नंतर सगळं खोटं निघालं. पण तेव्हा त्याचा कुणाला उपयोग होता? ही युक्ती मी तुझ्याकडूनच शिकले. तू नोटीस कधी देतोस याची मी वाट बघत होते. तूही असाच ऐन दारात अडकावास, तिच्यासमोर तुझं तोंड काळं व्हावं, एवढंच मला हवं होतं."

आरती अंबरीशकडे वळली.

"अंबरीश," आरती हळू आवाजात म्हणाली, "हे खरं हाय?"

"तो मुलगा तिच्या लायकीचा नव्हता. मी तिच्या भल्यासाठी..."

"मी इचारलं, खरं हाय का?"

त्यानं मान खाली घातली. आरतीला संताप आवरेना. आठवडाभर ती याच्या बाजूनं सगळ्यांशी भांडली होती, रात्ररात्र जागली होती.

"मॅडम, हरकत खोटी निघाली ना? मग आता माझी खरी हरकत लिहून घ्या. मला ह्या माणसाशी लग्न करायचं न्हाई."

हणमंतराव पुढे झाले. "शाबास पोरी. चल घरी."

"न्हाई बाबा. सौदा दुसऱ्यानं मोडलं तर असा होता. हे मी मोडलंय. उद्या माझी शाळा हाय."

आणि ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा.

बनावट दाखल्याचा गुन्हा काही माफ होणार नव्हता. महिला पोलिसानं मुग्धाला खूण केली. चंद्रप्रभाबाईंना राहवलं नाही. "अगं, तुझाही संसार आहे. सुदर्शनचा काय दोष? हे सगळं करून काय मिळालं तुला?"

मुग्धानं पदर सारखा केला आणि खुर्चीत कोसळलेल्या भावाकडे डोळे भरून पाहिलं.

"तो सुटला असता तर मी जळून मेले असते, मॅडम," ती म्हणाली. "आज मला जेवण जाईल."