परत आलेल्यांचा रकाना

"मॅडम, तुमचा अर्ध्याहून जास्त वर्ग दिवाळीच्या आत कॉलेज सोडून जाणार आहे."

भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या त्या छोट्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सुकन्याला पहिल्याच भेटीत असलं अभद्र कुणी ऐकवलं नव्हतं. प्रयोगशाळेच्या दारात एक तरुण उभा होता. एका हातात वाऱ्यानं उलटी केलेली छत्री, दुसऱ्या हातानं छातीशी धरलेला लॅपटॉप, आणि नाकाच्या शेंड्यावर थांबलेला पाण्याचा थेंब... तो पुसायला तिसरा हात नव्हता. तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

हा गोरक्ष. संस्थेनं नगरच्या मुख्य कार्यालयात नेमलेला संख्याशास्त्रज्ञ. संस्थेच्या साऱ्या कॉलेजांतली जुनी हजेरी, मार्क, लायब्ररीच्या नोंदी कॉम्प्युटरला शिकवायच्या, आणि कोणता विद्यार्थी पदवीपर्यंत टिकेल, कोणता मधेच जाईल हे आधीच ओळखायचं, हे त्याचं काम. वेळेत कळलं तर शिक्षक घरी जाऊन समजूत घालतील, एवढाच त्यामागचा हेतू.

"म्हणजे भविष्य सांगता?"

"अंदाज सांगतो."

"हात नाही बघत?"

"हजेरी बघतो," तो म्हणाला, आणि तेही इतक्या गंभीरपणे, की सुकन्याला आता हसू आवरेना.

"गाव कुठलं तुमचं?"

"शेवगावच्या पुढं."

"तरीच! हातच्या कांकणाला आरसा कशाला? चला माझ्याबरोबर."

कॉलेजच्या मागची पायवाट उतरली की भाताची खाचरं लागतात. तिथं सुकन्याचा निम्मा वर्ग गुडघाभर चिखलात वाकून उभा होता. डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद, हातात रोपांच्या जुड्या. बाईंना पाहून पोरापोरींनी चिखलाचे हात हलवले.

"ही बघा तुमची कॉलेज सोडून गेलेली मुलं. आवणी चालू आहे. भात लावून झाला की येतील, नखांत चिखल घेऊन. दरवर्षी येतात."

गोरक्ष बघतच राहिला. त्याच्या कोरड्या मुलखात पोरं दिसेनाशी झाली, की ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघालेली असत, आणि त्यांतली थोडीच परतत. कॉम्प्युटरला त्यानं जास्त करून तिकडचीच माहिती शिकवली होती. आवणीचे दिवस त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हते, तर बिचाऱ्या यंत्राला कुठून असणार?

"चुकलं माझं," तो म्हणाला. सबब नाही, सारवासारव नाही. इतक्या सरळपणे चूक कबूल करणारा पुरुष सुकन्यानं फारसा पाहिला नव्हता. तो तिला तिथल्या तिथं आवडून गेला. मग त्यानं बूट काढले, पँट दुमडली आणि खाचरात उतरला.

"सर, लई खोल खोचलं! कुजंल ते!" एक पोरगी ओरडली.

"मग दाखव ना कसं लावायचं," तो म्हणाला, आणि पुढच्याच पावलाला चिखलात बसला.

त्या दिवशी सुकन्यानं त्याला आपल्या वडिलांची दणकट काळी छत्री दिली. त्याला तिथं काही महिने राहायचं होतं. भाड्याच्या खोलीत चूल ना गॅस, म्हणून तिच्या आईनं डबा सुरू केला. नागलीची भाकरी, काळभात, कधी आंबाडीची भाजी. डबा द्यायला सुकन्या जायची आणि रोज थोडा जास्त वेळ थांबायची.

"बाजरीची आठवण येत नाही?" ती विचारायची.

"येते... पण भाकरी संपेपर्यंत तुम्ही बसता. मग नाही येत."

असं काही बोलला की तो स्वतःच लॅपटॉपमध्ये डोकं घालायचा. तिच्या कानांच्या पाळ्या तापायच्या.

आवणी संपली, वर्ग भरला. गोरक्षनं सगळी गणितं नव्यानं मांडली. धोक्याच्या खुणा एकेक करून पुसल्या गेल्या. एक मात्र जाईना. ते नाव होतं मनकर्णाचं.

सुकन्या हसलीच. दुसऱ्या वर्षाची मनकर्णा, वसतिगृहात राहणारी, एक तास न चुकवणारी, तिची लाडकी विद्यार्थिनी!

"तिनं लायब्ररीची सगळी पुस्तकं परत केलीत, मॅडम. परीक्षेला इतका अवकाश असताना."

"शिस्तीची आहे ती."

"टिकणारी मुलं पुस्तकं अडकवून ठेवतात, दंडसुद्धा भरतात. जाणारी... कुणाचं काही ठेवून जात नाहीत. आपण एकदा तिच्या घरी जाऊन येऊ या का?"

"मी ओळखते तिला. तुमचं यंत्र ओळखतं का?" सुकन्या जरा तोडूनच बोलली.

गणपतीच्या सुट्टीला मनकर्णा घरी गेली आणि परत आलीच नाही.

दोघं तिच्या वाडीवर पोहोचले तेव्हा डोंगर धुक्यात बुडाला होता. आईनं घोंगडी अंथरली, कोरा चहा दिला. "बाई, पोरगी हुशार हाय, मला काय कळत न्हाई व्हय? पन पाहुनं चांगलं मिळालं. तुळशीचं लगीन झालं की उरकायचं."

"एवढं वर्ष तरी होऊ द्या," सुकन्यानं विनवलं.

"सबूद दिलाय, बाई. आता मागं कसं फिरावं?"

मनकर्णा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "मी तुमाला सांगनार हुते, बाई. रोज ठरवायचे... तोंडच उघडंना."

रोज सुकन्यासमोर बसणारी पोर रोज काहीतरी सांगायला येत होती, आणि तिला ते दिसलं नव्हतं. तिनं पिशवीतून आपलं स्वतःचं जाडजूड पुस्तक काढून मनकर्णाच्या हातात ठेवलं.

"हे लायब्ररीचं नाही, माझं आहे. वाचून परत करायला ये. तूच ये. कुणाच्या हाती पाठवायचं नाही."

मनकर्णानं पुस्तक पोटाशी धरलं.

उतारावर सुकन्याला रडू कोसळलं. "बोला ना! सांगितलं होतं म्हणा. मी तुमचं ऐकलं नाही."

गोरक्ष छत्री तिच्यावर धरून थांबला. त्याचा एक खांदा पुरता भिजत होता.

"माझी चांगुणाताई वर्गात पहिली यायची," तो हळू आवाजात म्हणाला. "एका दिवाळीनंतर टोळीबरोबर गेली. कॉलेजातून कुणी विचारायलासुद्धा आलं नाही. ती मात्र कितीतरी दिवस म्हणायची, सर येतील बोलवायला... मी हे काम त्यासाठी करतो, मॅडम. प्रत्येक नावात तीच दिसते. आणि माझ्याकडं रकाने दोनच. टिकला, नाही तर गेला. ताईला मी स्वतःच्या हातानं 'गेला'मध्ये टाकलंय."

सुकन्यानं छत्रीच्या दांड्यावरचा त्याचा हात घट्ट धरला. कॉलेज दिसेपर्यंत तिनं तो सोडला नाही.

भात पिवळा पडू लागला आणि गोरक्षचं इथलं काम संपत आलं. एका दुपारी सुकन्या तासावरून आली, तर टेबलावर काळी छत्री, कोरडी, नीट बांधलेली. शेजारी डबा. तिनं उघडून पाहिला. घासून पुसून लख्ख, आणि रिकामा.

दुसऱ्याचा डबा कुणी रिकामा परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. शेवगावकडच्या माणसाला हे ठाऊक नसेल होय? जाणारी माणसं कुणाचं काही ठेवून जात नाहीत, हे त्यानंच शिकवलं होतं तिला. मनकर्णाच्या वेळी ती बसून राहिली होती. आता ती छत्री आणि डबा उचलून एसटी स्टँडकडं धावली.

नगरची गाडी लागली होती. गोरक्ष पायरीवर एक पाय ठेवून उभा.

"न सांगता निघालात?"

"सांगायला आलो असतो, तर... जाता आलं नसतं." त्यानं नजर खाली घातली. "तुमची माणसं इथं, तुमचं काम इथं. माझी नोकरी नगरला. मी कोणत्या तोंडानं काही मागू?"

"तुमचं यंत्र काय म्हणतं? हा माणूस परत येईल?"

"एकाच माणसावरून अंदाज बांधता येत नाही, मॅडम."

"मग मी सांगते. मला तुम्ही आवडता. फार आवडता." तिनं डबा पुढं केला. "एक माणूस माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मी बघत राहिले. दुसऱ्यांदा नाही बघणार. हा डबा घ्या. आमच्याकडं रिकामा परत घेत नाहीत."

कंडक्टरनं बेल दिली. गोरक्षनं डबा घेतला, आणि डब्याबरोबर तिची बोटंही क्षणभर हातात राहिली.

"मलाही तुम्ही आवडता. त्या खाचरातल्या दिवसापासून," तो म्हणाला. गाडी हलली.

दिवाळी गेली. तुळशीचं लग्न झालं. सुकन्या नाही नाही म्हणत रोज नगरच्या गाडीच्या वेळेला खिडकीशी यायची.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी प्रयोगशाळेच्या दारात मनकर्णा उभी राहिली. गळ्यात नवं मंगळसूत्र, हातभर हिरव्या बांगड्या, आणि पोटाशी ते जाड पुस्तक.

"परत द्यायला आले, बाई. पन निम्मंच झालंय. मी घरात सांगितलं, दुसऱ्याची वस्तू हाय, नीट वाचून द्यायला पायजे. सासरे म्हनले, मग परीक्षाबी दे." ती चाचरली. "बसू का वर्गात?"

सुकन्यानं बाक पुढं ओढला.

तास संपला तेव्हा दारात गोरक्ष उभा होता. त्याचे डोळे मनकर्णावर खिळले होते आणि भरून आले होते.

"मी महिन्यातला अर्धा काळ इथून काम करायचं मागून घेतलंय," तो म्हणाला. "आणि तिसरा रकाना केलाय. परत आलेल्यांचा."

"पहिलं नाव?"

"आता मनकर्णाचं."

"आणि दुसरं?"

उत्तरादाखल त्यानं डबा पुढं केला. आत चांगुणाताईनं वळलेले बाजरीचे लाडू होते. सुकन्यानं तो जड डबा दोन्ही हातांनी घेतला.

"हा आज परत मिळणार नाही हं," ती म्हणाली. "न्यायला उद्या घरी या. आई वाट बघतेय."